स्वतःचं बारसं स्वतः करताना

अल्टॉइड्स म्हणजे अमेरिकेत पत्र्याच्या डबीत मिळणाऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या. जानेवारी २०११ मध्ये ‘अल्टॉइड’ या नावाने कुणीतरी इंटरनेटवर दोन ठिकाणी सहज विचारल्यासारखं विचारलं, की सिल्क रोड नावाची एक निनावी बाजारपेठ निघाली आहे म्हणे, कुणी पाहिली का? बाजारपेठ अमली पदार्थांची होती आणि विचारणारा तिचा मालकच होता. गिऱ्हाईक जमवण्याची ती युक्ती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याच अल्टॉइडने बिटकॉइनवाल्यांच्या गोतावळ्यात ‘संगणकाचा जाणकार हवा’ अशी जाहिरात टाकली आणि संपर्कासाठी जीमेलचा पत्ता दिला. पत्त्यात त्याचं खरं नाव आणि आडनाव होतं, रॉस उल्ब्रिक्ट. पुढे अमेरिकेच्या करखात्यातल्या एका तपास अधिकाऱ्याने गूगलवर शोध घेत सिल्क रोडचे सुरुवातीचे उल्लेख धुंडाळले. तिथे अल्टॉइड भेटला. अल्टॉइडने आणखी कुठे काय लिहिलंय ते पाहिल्यावर जीमेलचा पत्ता हाती लागला. ऑक्टोबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सार्वजनिक वाचनालयात उल्ब्रिक्टला चालू लॅपटॉपसकट पकडलं.

युजरनेम घेणाऱ्या बहुतेकांना असले उद्योग करायचे नसतात. पण नियम त्यांनाही तोच लागू होतो. एकच नाव दोन ठिकाणी वापरलं, की त्या दोन ठिकाणच्या ओळखी आपोआप जोडल्या जातात. जोडायला पोलीस लागत नाहीत; उद्याचा मालक, दुरावलेला नातेवाईक किंवा पैशांवर डोळा ठेवून बसलेला भामटा, कुणीही ते काम घरबसल्या करू शकतो. एखादं युजरनेम शेकडो संकेतस्थळांवर एका दमात शोधून देणारी फुकट साधनंही आहेत.

युजरनेममागे बहुधा एखादी हकिगत असते. कुत्र्याचं नाव, गाव, पहिली मोटारसायकल, कॉलेजातलं चिडवण्याचं नाव. नावाला जीव येतो तो या हकिगतीमुळे, आणि अनोळखी माणसाला माग लागतो तोही तिच्यामुळेच. म्हणून नाव सुचलं की लगेच ‘उपलब्ध आहे का’ हे बघण्याआधी वाचकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा. ही हकिगत कुणी ओळखली, तर त्याला माझ्याबद्दल काय काय कळेल?

मराठी माणसाला टोपणनावांचा सराव जुना. कृष्णाजी केशव दामले केशवसुत झाले, म्हणजे वडिलांचं नाव जगजाहीर. राम गणेश गडकऱ्यांनी भावाच्या नावावरून गोविंदाग्रज घेतलं, वि. वा. शिरवाडकरांनी धाकट्या बहिणीच्या नावावरून कुसुमाग्रज. ही नावं सुंदर आहेत, पण आजच्या बँकेच्या नजरेने पाहिलं तर तिन्ही धोकादायक! वडिलांचं नाव प्रत्येक फॉर्मवर विचारतात, आणि पासवर्ड विसरल्यावर ‘तुमच्या सर्वांत धाकट्या भावंडाचं नाव काय’ असा प्रश्नही येऊ शकतो. कुसुमाग्रजांचं खातं कुणी सहज उघडलं असतं.

ही केवळ थट्टा नाही. सप्टेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहू ईमेल खातं एका कॉलेजकुमाराने फोडलं. त्यासाठी त्याला कसलीही तांत्रिक करामत करावी लागली नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि ‘नवऱ्याशी पहिली भेट कुठे झाली’ एवढंच विचारलं गेलं होतं. सार्वजनिक माहितीत सगळी उत्तरं होती. कुत्र्याचं नाव युजरनेममध्ये आणि कुत्र्याचंच नाव सुरक्षाप्रश्नाच्या उत्तरात, असं ज्यांनी केलंय त्यांनी आज दोहोंपैकी एक बदलावं. उत्तर बदलणं सोपं. सुरक्षाप्रश्नाचं उत्तर खरं असलंच पाहिजे असा काही कायदा नाही. ‘मोत्या’ऐवजी ‘थालीपीठ’ लिहिलं तरी चालतं, फक्त ते आपल्याला आठवायला हवं.

भारतात यापेक्षाही मोठी चूक रोज होते, ती जन्मसालाची. डाउनलोड केलेल्या ई-आधारची पीडीएफ उघडायला जो पासवर्ड लागतो, तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि पुढे जन्मसाल. आता सुरेशने आपलं युजरनेम सुरेश१९९० ठेवलं, तर त्याने तो पासवर्ड जवळजवळ पाटीवरच लिहून ठेवला. ती फाइल चुकून कुणाच्या हाती लागली, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर राहिली, तर ती उघडायला अक्कल लागणार नाही. नावाची काही अक्षरं आणि जन्मतारीख हा फॉर्म्युला अनेक बँकांच्या आणि विम्याच्या कागदांनाही असतो. तेव्हा जन्मसाल, लग्नाचं साल आणि मुलाचं जन्मसाल युजरनेमात नको.

१९८८ साली जन्मलेल्यांना आणखी एक इशारा. नावापुढचा ८८ हा आकडा युरोप-अमेरिकेत नवनाझींची खूण म्हणून ओळखला जातो. इंग्रजी वर्णमालेतलं आठवं अक्षर एच, आणि दोन एच म्हणजे हिटलरचा जयघोष. चीनमध्ये तोच आकडा शुभ मानतात. पण जर्मनीत नोकरीला निघालेल्या नाशिकच्या इंजिनीअरला हे आधी माहीत असलेलं बरं.

मग काय ठेवावं? ज्यांची हकिगत ऐकायला मजा येते आणि जिच्यातून कुणाच्या हाती काही लागत नाही, अशी नावं जगात आहेत. कॅनडाचा जोएल झिमरमन हा संगीतकार तरुणपणी चॅटवर पडीक असायचा. एकदा संगणक उघडला तर आत मेलेला उंदीर. ही गोष्ट त्याने चॅटवरच्या मंडळींना सांगितली आणि तो ‘मेलेल्या उंदराचा माणूस’ झाला. डेडमाउस हे नाव तिथे लांब पडत होतं म्हणून त्याने शेवटची अक्षरं कापून इंग्रजी एसच्या जागी ५ हा आकडा बसवला. डेडमाऊ५ हे नाव आज जगभरच्या मैफलींच्या पोस्टरांवर असतं, आणि उंदराचा मुखवटा ही त्याची ओळख आहे. या हकिगतीत त्याचं घर, वय, नातं काहीच नाही. उंदीर कुणाच्याही घरात मरू शकतो.

बुद्धिबळाचा जगज्जेता असताना मॅग्नस कार्लसन लायचेस या संकेतस्थळावर ‘डॉ. ड्रंकनस्टाइन’ या नावाने खेळायचा. फ्रँकेनस्टाइनला पाजलेली दारू समजायला शब्दकोश लागत नाही. काही काळाने तो ‘डॉ. निक्टरस्टाइन’ झाला, नॉर्वेजियन भाषेत निक्टर म्हणजे शुद्धीवर असलेला. दोन नावं शेजारी ठेवली की विनोद पूर्ण होतो.

नाव सुरेख आणि वापर वाईट, असंही होतं. होल फूड्स या अमेरिकी किराणा साखळीचे तेव्हाचे प्रमुख जॉन मॅकी याहूच्या शेअरबाजारविषयक पानांवर ‘राहोडेब’ नावाने वर्षानुवर्षं लिहीत होते. स्वतःच्या कंपनीची आरती आणि वाइल्ड ओट्स या प्रतिस्पर्धी कंपनीची निंदा, असा साधारण मजकूर. राहोडेब ही पत्नीच्या डेबोरा या नावाच्या अक्षरांची उलटापालट. २००७ मध्ये होल फूड्सने वाइल्ड ओट्स विकत घ्यायचं ठरवलं, तेव्हा सरकारी यंत्रणेच्या कागदपत्रांतून हे सगळं बाहेर आलं. बायकोच्या नावाची अक्षरं फिरवली म्हणजे ओळख लपली, हा भ्रम आपल्याकडेही खूप जणांना असतो. उलट लिहिलेलं नाव, स्वरांच्या जागी आकडे, शेवटी जोडलेला एक्स, हे सगळे प्रकार भामट्यांना तोंडपाठ आहेत.

कामाच्या ठिकाणी, ग्राहकांसमोर किंवा अर्जावर जे नाव जाणार आहे, तिथे मात्र फार कल्पकता नको. तिथे खरं नावच घ्यावं. अडचण अशी, की खरं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. जोशी, पाटील, कुलकर्णी यांना तर ते पहिल्या प्रयत्नात मिळण्याची आशाच सोडावी लागते. अशा वेळी मशीन आपणहून ‘४७’ किंवा ‘८८२१’ जोडून देतं आणि माणूस कंटाळून होकार देतो. तो देऊ नये. मराठी नावात एक सोय आहे, ती म्हणजे मधलं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. पूर्ण लिहायचं नाही, फक्त आद्याक्षर. सचिन तेंडुलकर ट्विटरवर आला तेव्हा त्याने सचिन, मग अंडरस्कोअर, मग आर आणि टी अशी अक्षरं घेतली. आर म्हणजे रमेश, त्याचे वडील, प्राध्यापक आणि कवी रमेश तेंडुलकर. अमिताभ बच्चन यांनी ‘सीनियर बच्चन’ला साजेसं नाव घेतलं आणि मुलाने ‘ज्युनिअर बच्चन’. बापलेकांचा प्रश्न एका फटक्यात सुटला.

आद्याक्षरांचीच नावं करण्याची पद्धत संगणकाच्या जगात पहिल्यापासून आहे. युनिक्स घडवणाऱ्या बेल लॅब्जमध्ये डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची हे ‘डीएमआर’ होते, ब्रायन केर्निहान ‘बीडब्ल्यूके’, आणि केन थॉम्पसन नुसते ‘केन’. सुरुवातीच्या युनिक्समध्ये लॉगिन नाव आठ अक्षरांपलीकडे जात नसे. ज्या भाषेने गजानन दिगंबर माडगूळकरांना गदिमा केलं, पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांड्यांना पुलं केलं, तिला हे शिकवायची गरज नाही. फक्त आद्याक्षरं रोमनमध्ये जुळवून एकदा मोठ्याने वाचावीत. इंग्रजीत काही भलतं तर होत नाही ना, हे घरातल्या शाळकरी पोराला विचारलं तरी लगेच कळतं.

लांबी हा मराठी नावांचा दुसरा प्रश्न. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, १५ अक्षरांची मर्यादा आहे, इन्स्टाग्रामवर ३० ची, रेडिटवर २० ची. ज्ञानेश्वर कुलकर्णी हे रोमनमध्ये १९ अक्षरांचं होतं, म्हणजे एक्सवर बसतच नाही. शिवाय ‘ज्ञ’ आपण डी-एन-वाय असा लिहितो, हिंदीवाले जी-वाय. वाघमारे व्हीने की डब्ल्यूने? श्रीकांतमध्ये एच आहे की नाही? ज्यांना आपलं युजरनेम फोनवर सांगावं लागणार आहे, दुकानदार, शिकवणीवाले, घरगुती डबे देणाऱ्या ताई, त्यांनी नाव पक्कं करण्याआधी एखाद्या ओळखीच्याला फोन करून ते एकदाच उच्चारावं आणि त्याला लिहायला सांगावं. त्याने चुकीचं लिहिलं तर नाव बदलावं, त्याला दोष देऊ नये. अंडरस्कोअर शक्यतो टाळावा, कारण लिंकखाली रेघ आली की तो दिसत नाही, आणि फोनवर ‘खालची रेघ’ समजावताना निम्मा वेळ जातो. शून्य आणि ओ, लहान एल आणि एक, यांच्या जोड्याही नकोत. हुबेहूब दिसणारं खोटं खातं याच अक्षरांवर उभं राहतं.

शब्द चिकटले की काय होतं, हे एप्रिल २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. मार्गारेट थॅचर वारल्या तेव्हा ट्विटरवर एक हॅशटॅग फिरला, ‘आता थॅचर गेल्या’ अशा अर्थाचा. इंग्रजीत जागा न सोडता लिहिल्यामुळे तो गायिका शेर गेल्याची बातमी म्हणूनही वाचता येत होता, आणि तिचे चाहते हळहळू लागले. शेर ठणठणीत होती. दोन शब्दांचं युजरनेम घेताना ते लहान इंग्रजी अक्षरांत, जागा न सोडता लिहून एकदा पाहावं.

जीमेलबद्दल एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पत्त्यातल्या टिंबांना तिथे काही अर्थ नाही. टिंब दिलं काय, न दिलं काय, टपाल एकाच पेटीत पडतं. त्यामुळे ‘टिंबवालं माझं, बिनटिंबाचं दुसऱ्याचं’ असं कधी नसतं. सरळसोट नाव-आडनावाचा पत्ता ज्यांना लवकर मिळाला, त्यांच्याकडे त्याच नावाच्या इतरांची तिकिटं, बिलं, शाळेच्या सूचना येत राहतात, कारण ते इतर आपला पत्ता चुकीचा सांगतात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जॉन लुईस नावाचे एक संगणकशास्त्राचे शिक्षक आहेत. ट्विटरवर हे नाव त्यांनी आधी घेतलं, आणि त्याच नावाचं ब्रिटनमध्ये प्रसिद्ध दुकान आहे. नाताळात गिऱ्हाइकांच्या तक्रारी या गृहस्थांकडे यायच्या आणि ते शांतपणे, गमतीने उत्तरं द्यायचे. सगळ्यांना एवढा धीर नसतो. दुसऱ्याचं टपाल येत असेल, तर बँकेच्या पत्राला उत्तर न देता तिथला ‘हे खातं माझं नाही’ हा दुवा असल्यास तो वापरावा, आणि स्वतःच्या महत्त्वाच्या खात्यांसाठी जरा आडवळणाचा पत्ता ठेवावा.

नेत्याचं, पक्षाचं किंवा जातीचं नाव युजरनेममध्ये घालणाऱ्यांची महाराष्ट्रात कमतरता नाही. तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यातले दोन मोठे पक्ष फुटले, चिन्हं इकडची तिकडे गेली, आणि कित्येक कट्टर कार्यकर्त्यांची युजरनेमं रातोरात विरुद्ध बाजूची वाटू लागली.

कामाच्या नावाखेरीज दुसरं नाव हवं, ते खासगीसाठी. आजार, घरातलं भांडण, कर्ज, मनात दबलेलं काही, हे जिथे बोलायचं तिथे कामावरचं नाव चालत नाही, आणि त्या नावाचा तुकडाही चालत नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलेलं होतं. गदारोळ झाला, लेखिका कोण याचे तर्क चालले, आणि त्या काळात बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, या नावाआड राहिल्या. त्या टोपणनावात त्यांच्या खऱ्या नावाचा एकही धागा नव्हता. आजच्या वाचकालाही तेवढंच सांगावंसं वाटतं. खासगी नावासाठी वेगळा ईमेल घ्यावा, वेगळा फोटो घ्यावा किंवा फोटो ठेवूच नये, आणि दोन्ही नावांनी एकच विनोद दोनदा करू नये. अल्टॉइड त्याच गलथानपणाने गेला.

अशा नावासाठी शब्द शोधायचा तर तो आपल्या कागदपत्रांत नसलेल्या कप्प्यातून काढावा. आवडता पदार्थ, बोलीतला शब्द, अवजार, झाड. कोकणातल्या माणसाला तिरफळ सुचेल, माशांच्या आमटीत पडणारं. घाटावरच्याला पांदण सुचेल, शेतांमधली ती अरुंद वाट. शब्द सुचला की आधी गूगलवर टाकून पाहावा. पांदण रोमनमध्ये लिहिलं, तर आग्नेय आशियात स्वयंपाकात वापरली जाणारी, आपल्या केवड्याच्या कुळातली एक वनस्पती निघते, आणि तिच्या पाककृतींच्या गर्दीत आपण हरवून जातो. खासगी नावासाठी ही गर्दी फायद्याची. दुकानाच्या नावासाठी मात्र अजिबात नाही.

मुलांच्या खेळातल्या नावांकडे आईबाबांनी एकदा तरी बघावं. शाळा, तुकडी, गाव किंवा वय त्यात नको. रोब्लॉक्ससारख्या ठिकाणी युजरनेम नंतर बदलायला १,००० रोबक्स मोजावे लागतात, त्यामुळे पहिल्यांदाच शेजारी बसून ठरवलेलं स्वस्त पडतं.

आणि एक युजरनेम असं आहे, जे आपण युजरनेम मानतच नाही, ते म्हणजे यूपीआय आयडी. बहुतेकांचा आयडी मोबाइल नंबर आणि पुढे बँकेची खूण असा असतो. भाजीवाल्याला वीस रुपये दिले की त्याच्या पडद्यावर आपला नंबर जाऊ शकतो. अनेक ॲपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी बनवता येतो. सेटिंगमध्ये पाच मिनिटं घालवून तो करून घ्यावा, विशेषतः घरून व्यवसाय करणाऱ्या बायकांनी. सिग्नल या मेसेजिंग ॲपने फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेमं आणली, ती नंबर न देता बोलता यावं म्हणूनच. तिथे नावाच्या शेवटी किमान दोन आकडे लागतात. नुसत्या नावाने कुणी तोतयेगिरी करू नये, हा त्यामागचा एक विचार. तिथे आकडे चालतील, फक्त ते जन्मसालाचे नसावेत.

एवढं जपून घेतलेलं नाव आपल्या मालकीचं असतं का? नसतं. जुलै २०२३ मध्ये ट्विटरचं एक्स झालं, आणि नुसतं ‘एक्स’ हे हँडल वर्षानुवर्षं वापरणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या माणसाकडून ते कंपनीने काढून घेतलं. मोबदला म्हणून पैसे मिळाले नाहीत. काही दिवसांत ‘म्युझिक’ हे हँडलही असंच गेलं. त्याआधी, जानेवारी २०१४ मध्ये, ‘एन’ या एकाक्षरी ट्विटर नावाच्या मालकाने आपली हकिगत जाहीर केली होती. या नावासाठी त्याला पूर्वी ५०,००० डॉलर देऊ केले गेले होते. चोराने ट्विटरचं खातं थेट फोडलं नाही. मालकाच्या सांगण्यानुसार, एका कंपनीला फोन करून कार्डाचे शेवटचे चार आकडे काढले, ते वापरून दुसऱ्या कंपनीतलं डोमेन खातं ताब्यात घेतलं, आणि मग नाव दे नाहीतर संकेतस्थळ जाईल अशी धमकी दिली. व्यवसाय युजरनेमवर चालत असेल, तर स्वतःचं डोमेन वेगळं घेऊन ठेवावं, आणि कुलूप सगळ्यात आधी ईमेलला लावावं. दुहेरी पडताळणी, शक्य असेल तर एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात. स्वीडनच्या फेलिक्स शेलबर्गचं मूळ यूट्यूब खातं ‘प्यूडी’ होतं. पासवर्ड विसरला म्हणून त्याने २०१० मध्ये शेवटी ‘पाय’ जोडून नवं उघडलं, आणि ते जगातल्या सर्वांत मोठ्या चॅनलांपैकी एक झालं. सगळ्यांचं असं सरळ होत नाही.

नाव बदलायचंच असेल तर आधी नियम पाहावा. रेडिटवर स्वतः घेतलेलं युजरनेम बदलता येत नाही. एक्सवर बदलता येतं आणि अनुयायीही राहतात, पण जुनं नाव मोकळं होतं आणि ते कुणीही उचलू शकतं. व्हिजिटिंग कार्डवर, दुकानाच्या पाटीवर, जुन्या पोस्टरवर तेच छापलेलं असतं. म्हणून आधी छापील जागा बदलाव्यात, नाव नंतर. आपल्या नावाने कुणी दुसऱ्याने खातं काढलं, तर त्याचे स्क्रीनशॉट आणि खात्याचा पूर्ण पत्ता जपून ठेवावा, त्या ॲपवर तोतयेगिरीची तक्रार करावी, आणि ओळखीच्यांना लगेच कळवावं, कारण अशा खात्यांवरून पैशांची मागणी पहिल्याच दिवशी होते. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर त्याच तासात फोन करावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरची नोंद त्यानंतर केली तरी चालते.